पिउमा नॅनोइंडेंटर: मेंदूच्या कापांसाठी घ्यावा का?

मेंदूच्या ३०० मायक्रॉन जाडीच्या कापावर कुठला भाग किती मऊ आहे याचा नकाशा काढायचा असेल, तर ऑप्टिक्स११ लाइफ या कंपनीचा पिउमा जरूर घ्या. हा नॅनोइंडेंटर आहे, म्हणजे बारीक मणी नमुन्यावर दाबून त्याचा ताठपणा मोजणारं यंत्र. अशा कामाला यापेक्षा कमी कटकटीचं यंत्र सापडणं कठीण आहे. हेल्मेटची चाचणी, अपघातात डोक्याला बसणारा मार, शस्त्रक्रियेत मेंदू किती सरकेल याचं गणित, यांसाठी मात्र घेऊ नका. ती कामं वेगळ्या यंत्रांची आहेत. घेतलाच, तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून धरून चाला: पडद्यावर दिसणारा किलोपास्कलचा (ताठपणाच्या एककातला) आकडा यंत्रावर जेवढा अवलंबून असतो, त्याहून जास्त तुमच्या तयारीवर असतो.

कंपनी ॲमस्टरडॅमची, २०११ मध्ये तिथल्या व्रिये विद्यापीठातल्या दाविदे इयानुत्सी यांच्या संशोधनातून निघालेली. मूळ कल्पना सुटसुटीत आहे. काचेच्या छोट्या ठोकळ्यात ऑप्टिकल फायबर बसवलेलं, त्याच्या तोंडासमोर एक लवचीक पट्टी, पट्टीच्या टोकाला चिकटवलेला गोल मणी. या सगळ्याला मिळून प्रोब म्हणतात. मणी नमुन्यावर टेकून दाबला की पट्टी वाकते, फायबर आणि पट्टी यांच्यातली फट बदलते, आणि ती फट प्रकाशाच्या व्यतिकरणाने (दोन प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून होणाऱ्या बदलाने) मोजली जाते. पट्टीचा ताठपणा माहीत असल्याने वाकण्यावरून बल कळतं. पिएझो (प्रोबला विजेच्या साह्याने अगदी बारीक अंतरांनी खाली-वर नेणारा भाग) किती खाली गेला त्यातून पट्टीचं वाकणं वजा केलं की मणी नमुन्यात किती रुतला ते कळतं.

एएफएमवर (लवचीक पट्टीच्या टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) काम केलेल्यांना यातला फायदा लगेच उमगेल. लेझरचा ठिपका पट्टीच्या पाठीवर आणून बसवायचा, गढूळ द्रवात तो हरवला की पुन्हा शोधायचा, हा सगळा उद्योग इथे नाही. प्रोबचा ताठपणा आणि मण्याची त्रिज्या डबीवर छापून येतात. रोज सकाळी कंपनांवरून ताठपणा काढत बसावं लागत नाही. नव्या विद्यार्थ्याच्या हाती यंत्र देता येतं, आणि आमच्या मते हाच याचा सर्वांत मोठा गुण आहे.

आता प्रोब निवडणं. इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून थोडं गणित करू. मेंदूच्या कापाचा परिणामी मापांक (ऊती किती ताठ आहे ते सांगणारा आकडा) १ किलोपास्कल धरा, मण्याची त्रिज्या ५० मायक्रॉन आणि रुतण्याची खोली ४ मायक्रॉन. गोल मणी दाबल्यावरचं बल देणाऱ्या हर्ट्झच्या सूत्राने बल येतं सुमारे ७५ नॅनोन्यूटन. पट्टीचा ताठपणा ०.५ न्यूटन प्रति मीटर असेल तर ती १५० नॅनोमीटर वाकेल. मोजायला हे पुरेसं आहे. तीच पट्टी ५ न्यूटन प्रति मीटरची असेल तर वाकणं १५ नॅनोमीटरवर येतं आणि खोलीतल्या एसीच्या थरथरीत बुडून जातं. उलट ०.०५ ची पट्टी दीड मायक्रॉन वाकते. संकेत छान येतो, पण अशी पट्टी द्रवातल्या हलक्या प्रवाहानेही डुलते, आणि मणी ऊतीला चिकटला तर सुटताना लवकर सुटत नाही. मेंदूसाठी ०.२ ते ०.५ च्या दरम्यान राहणं शहाणपणाचं.

मण्याचा आकारही असाच विचार करून ठरवायचा. वरच्या उदाहरणात स्पर्शवर्तुळाची त्रिज्या साधारण १४ मायक्रॉन येते, म्हणजे २८ मायक्रॉन व्यासाचा डाग. त्यात काही पेशी आणि त्यांच्यामधलं जाळं यांची सरासरी मिळते. ३ मायक्रॉन त्रिज्येचा मणी घेतला तर तो कधी पेशीवर पडेल, कधी दोन पेशींच्या मधे, आणि आकडे इतके पसरतील की थरांमधला फरक त्यात दिसणारच नाही. २५० मायक्रॉनचा मणी १० मायक्रॉन रुतवला तर स्पर्शत्रिज्या ५० मायक्रॉनची होते, आणि ३०० मायक्रॉनच्या कापाखालची काच जाणवायला लागते. तळाला चिकटलेल्या, असंपीड्य (दाबूनही घनफळ न बदलणाऱ्या) थरासाठी दिमित्रिआदिस यांची दुरुस्ती लावून पाहिलं तर अशा वेळी आकडा सुमारे २३ टक्क्यांनी फुगलेला निघतो. ५० मायक्रॉनच्या मण्याला आणि ४ मायक्रॉन खोलीला हीच दुरुस्ती साडेपाच टक्क्यांच्या आसपास बसते. ‘जाडीच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी दाबलं की झालं’ हा प्रचलित नियम मोठ्या मण्याला पुरत नाही. बघायची असते ती खोली नव्हे, स्पर्शत्रिज्या आणि जाडी यांचं गुणोत्तर.

कॅलिब्रेशनला मोजून दहा मिनिटं लागतात, पण बहुतेक घोळ तिथेच होतात. फायबर पट्टीचं वाकणं जिथे बघतं ती जागा आणि मणी जिथे आहे ती जागा वेगळी. त्यामुळे दोन्हींचं प्रमाण जोडणारा एक गुणक काढावा लागतो. तो काढायला प्रोब काचेच्या कडक तळावर दाबतात: तळ दबत नाही, म्हणून पिएझो जेवढा खाली जातो तेवढीच पट्टी वाकते. हे ज्या द्रवात मोजणी करायची त्याच द्रवात, त्याच तापमानाला, आणि काचेच्या पेट्री डिशमध्ये करायचं. हवेतला गुणक डबीवर दिलेला असतो. द्रवातल्या गुणकात आणि त्याच्यात पाण्याच्या अपवर्तनांकाएवढा, म्हणजे साधारण १.३३ पट फरक दिसला पाहिजे. द्रवात असूनही आकडा हवेतल्यासारखाच आला, तर फायबर आणि पट्टी यांच्या फटीत हवेचा बुडबुडा अडकलाय असं समजा.

बुडबुडा टाळायची युक्ती सोपी आहे. प्रोब द्रवात उतरवण्याआधी पट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडा, तो फटीत शिरला की लगेच बफरचा (ज्यात मोजणी करायची त्या, आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रवाचा) थेंब द्या, आणि ओली प्रोबच खाली न्या. कोरडी प्रोब सरळ पाण्यात बुडवली की दहात आठ वेळा बुडबुडा अडकतो म्हणायला हरकत नाही. उतरवताना आणखी एक सापळा असतो. ‘पृष्ठभाग शोध’ ही आज्ञा हवेत असतानाच दिली तर यंत्राला पाण्याची पातळी लागते, पृष्ठताण पट्टीला ओढून घेतो, आणि यंत्र समाधानाने सांगतं की पृष्ठभाग सापडला. आधी हाताने प्रोब पूर्ण बुडवा, मगच शोध सुरू करा.

प्रकाशाची तरंगलांबी १५५० नॅनोमीटरच्या आसपास असते. त्यामुळे फट ७७५ नॅनोमीटरने बदलली की हवेत संकेताचं एक पूर्ण चक्र होतं, पाण्यात साधारण ५८० ला. पडद्यावर हे चक्र वर्तुळासारखं दिसतं. टेबलावर बोटाने हलकं टकटक करून ठिपका या वर्तुळावरूनच फिरतोय ना ते बघा. वर्तुळ आत-बाहेर सरकलेलं किंवा अंडाकृती दिसलं तर तरंगलांबीचं स्कॅन पुन्हा करा. ही पायरी टाळून केलेल्या मोजणीत बलाच्या रेषेवर ठरावीक अंतराने लाटा येतात, आणि त्या नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पुसता येत नाहीत.

थंड बफरमधून कोमट बफरमध्ये प्रोब नेली की बेसलाइन (काहीही न दाबतानाची शून्याची रेषा) बराच वेळ सरकत राहते. ती स्थिरावेपर्यंत थांबा. घाईत असलेला माणूस या यंत्रावर बसवू नये.

नमुन्याची तयारी हा यंत्राचा भाग नाही, पण परीक्षणात तो गाळला तर खरेदी करणाऱ्याची फसवणूक होईल. मेंदू बर्फथंड कृत्रिम मेंदुजलात काढायचा. त्यात सोडियम क्लोराइड साधारण १२५, बायकार्बोनेट २६, पोटॅशियम क्लोराइड २.५, फॉस्फेट १.२५, कॅल्शियम २, मॅग्नेशियम १ आणि ग्लुकोज १० ते २५ मिलिमोलर, आणि त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. वायूचा पुरवठा थांबला की बायकार्बोनेटच्या द्रवाचा सामू (पीएच) चढतो, आणि ऊती फुगते किंवा आकसते. व्हायब्राटोमवर (थरथरत्या पात्याने ऊतीचे काप पाडणाऱ्या यंत्रावर) पात्याचा पुढे जाण्याचा वेग सेकंदाला ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ठेवा. वेगाने कापलेला काप पायऱ्यापायऱ्यांचा होतो आणि मणी प्रत्येक बिंदूवर तिरका बसतो. कापल्यावर ३२ ते ३४ अंशांवर अर्धा-पाऊण तास विसावा द्या.

कापाच्या वरच्या काही दहा मायक्रॉनमध्ये पात्याने मेलेल्या पेशी असतात, हे विद्युत-मोजणी करणाऱ्यांना तोंडपाठ असतं आणि यांत्रिकीवाले विसरतात. एक मायक्रॉन दाबून घेतलेला आकडा म्हणजे या मेलेल्या थराचा आकडा. दाबाचा परिणाम स्पर्शत्रिज्येच्या दोन-तीन पट खोल जातो, म्हणून मोठा मणी आणि थोडी जास्त खोली इथे उपयोगी पडते. वर २५० मायक्रॉनच्या मण्याला नाकं मुरडली ती काचेमुळे; ३ मायक्रॉनचा तर या मेलेल्या थरातच अडकतो. ५० ते १०० मायक्रॉनच्या पट्ट्यातच राहा.

काप तळाशी नीट टेकलेला हवा. तरंगता काप खोटा मऊपणा दाखवतो, कारण मणी त्याला दाबण्याऐवजी खाली ढकलतो. सुपरग्लू पूर्ण तळाला लावू नका, तो ऊतीत मुरतो आणि खालून ताठ करतो. पॉली-लायसिन (ऊती काचेला धरून ठेवणारा थर) लावलेली काच किंवा नायलॉनचे धागे ताणलेली प्लॅटिनमची चौकट, दोन्ही चालतात. चौकट वापरली तर धाग्यापासून लांबच्या बिंदूंवर मोजा.

सरावासाठी आपल्याकडे बोकडाचा भेजा सहज मिळतो, आणि त्यावर हात बसवणं हा चांगला मार्ग आहे. खाटकाला आधी सांगून ठेवा की भेजा नळाखाली धुऊ नका. साध्या पाण्याने पेशी फुगतात. कवटी फोडताना सुऱ्याने चिरलेला भाग टाकून द्या, बर्फावर ठेवलेल्या बफरच्या डब्यातून आणा, आणि वरचं पातळ आवरण सोलल्याशिवाय दाबू नका. ते राहिलं तर तुम्ही मेंदू मोजत नसता, आवरण मोजत असता. गोठवलेला भेजा उपयोगाचा नाही, बर्फाचे स्फटिक ऊतीची रचना फोडतात. फॉर्मेलिनमधला तर नाहीच, तो कितीतरी पट ताठ झालेला असतो. त्याही आधी जेल वापरायचं असेल तर ४ टक्के ॲक्रिलामाइड आणि ०.१ टक्का बिस-ॲक्रिलामाइडचं जेल १ किलोपास्कलच्या आसपास बसतं. हातमोजे घाला, न गोठलेलं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी असतं.

यंत्र तीन प्रकारे दाबू शकतं: पिएझोचं अंतर ठरवून, बल ठरवून, किंवा रुतण्याची खोली ठरवून. मेंदूसाठी तिसरा प्रकार वापरा, आणि तो मिळतो म्हणूनच हे यंत्र घ्यायचं. मेंदू जितका दाबाल तितका ताठ होतो. ठरावीक बल दिलं तर मऊ भागात मणी खोल जातो, घट्ट भागात वरच थांबतो, आणि मग दोन भागांची तुलना करताना वेगवेगळ्या ताणावरचे (म्हणजे ऊतीचा आकार वेगवेगळ्या प्रमाणात बदललेला असतानाचे) आकडे एकमेकांसमोर ठेवले जातात. २०१८ मध्ये इयानुत्सी यांच्याच गटाने उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीशी जोडलेल्या भागाच्या) जिवंत कापांवर खोली नियंत्रित करून जो नकाशा काढला, त्यात भागाभागांतला फरकही दिसतो आणि ताणाबरोबर वाढणारा ताठपणाही. ५० मायक्रॉनच्या मण्याला ४ मायक्रॉन खोली म्हणजे साधारण ६ टक्के ताण. कामाच्या अहवालात खोलीबरोबर ताणही लिहा, नाहीतर दुसऱ्या प्रयोगशाळेला तुमचा आकडा वापरता येणार नाही.

खोली-नियंत्रणाची अडचण एवढीच की ते स्पर्श झाल्यावर सुरू होतं. मणी ऊतीला चिकटून आधीच ओढला गेला तर यंत्राचा स्पर्शाचा अंदाज चुकतो. मणी एक टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) द्रावणात अर्धा तास बुडवून घेतला की हे बरंच कमी होतं.

नकाशाचं वेळापत्रक आधी मांडा. एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर जागा, ५० मायक्रॉन अंतराने ४०० बिंदू, प्रत्येकी १५ सेकंद, म्हणजे १०० मिनिटं. अंतर स्पर्शडागाच्या व्यासापेक्षा कमी करू नका, शेजारच्या दाबाची आठवण ऊतीत काही काळ राहते. या वेळात काप जिवंत ठेवायचा तर द्रव फिरता हवा, पण डिशमध्ये बुडबुडे सोडले की ते प्रत्येक रेषेवर उमटतात आणि पेरिस्टाल्टिक पंपाची (नळी दाबून द्रव पुढे ढकलणाऱ्या पंपाची) धडधडही दिसते. वायू वरच्या बाटलीत सोडा आणि द्रव गुरुत्वाने थेंबथेंब येऊ द्या. बिंदू डावीकडून उजवीकडे ओळीने न घेता उलटसुलट क्रमाने घ्या. नाहीतर काप मरत चालल्याचा परिणाम आणि जागेचा परिणाम एकमेकांत मिसळतात.

विश्लेषणाबद्दल. यंत्रासोबतचं सॉफ्टवेअर हर्ट्झ आणि ऑलिव्हर-फार अशा दोन्ही पद्धतींचे आकडे देतं. दुसरा मेंदूसाठी सोडून द्या. तो मणी वर उचलतानाच्या रेषेचा उतार वापरतो, आणि मेंदू त्या वेळी अजून सैलावत असतो. धातू आणि काच यांच्यासाठी बनलेली पद्धत आहे ती. हर्ट्झ वापरा आणि बसवणूक त्रिज्येच्या दहा टक्के खोलीपर्यंतच करा. स्पर्शबिंदू अर्धा मायक्रॉन उशिरा धरला तर ४ मायक्रॉनच्या दाबात मापांक २२ टक्क्यांनी चढतो, म्हणून स्पर्शबिंदू आपोआप निवडला तरी दर दहा-वीस रेषांतली एक डोळ्यांनी बघा. कच्च्या फाइल साध्या मजकुराच्या असतात: वेळ, बल, खोली, पट्टीचं वाकणं, पिएझो. पायथनमध्ये स्वतःचं विश्लेषण लिहिता येतं. कंपनीने ही दारं बंद ठेवलेली नाहीत, हे कौतुकाचं आहे.

सॉफ्टवेअर ‘परिणामी’ मापांक देतं. यंगचा मापांक हवा असेल तर असंपीड्य ऊतीसाठी त्याला ०.७५ ने गुणा. कोणी हे केलंय, कोणी नाही, आणि त्यामुळे एकाच भागाचे आकडे दोन लेखांत तिसऱ्या हिश्शाने वेगळे दिसू शकतात. कर्तन मापांक (थर एकमेकांवरून सरकवायला होणारा विरोध) हवा असेल तर यंगच्या मापांकाला तीनने भागा. सिल्विया बुड्डाय आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये गायीच्या मेंदूवर सपाट तळाच्या दांड्याने दाबून श्वेतद्रव्य (मज्जातंतूंचा भाग) सरासरी १.९ आणि करडं द्रव्य (पेशींचा भाग) १.४ किलोपास्कल असल्याचं नोंदवलं. तुमचा आकडा याच्या दुप्पट किंवा निम्मा आला म्हणून घाबरू नका, पण दहापट आला तर कॅलिब्रेशनकडे वळा.

पर्यायांचं थोडक्यात. श्वेतद्रव्यातल्या तंतूंची दिशा, ताणून धरल्यावरचं वागणं, मोठी विकृती, यातलं काहीही गोल मणी सांगू शकत नाही. बुड्डाय यांच्या गटाने २०१७ मध्ये मानवी मेंदूचे ५ मिलिमीटरचे घन घेऊन दाबणं, ओढणं आणि कर्तन असं तिन्ही केलं. दाबल्यावरचा आणि ओढल्यावरचा प्रतिसाद सारखा नसतो हे अशा चाचणीतूनच कळतं. अपघाताच्या गणिताला मोठ्या तुकड्यावर अशा चाचण्या करणारं यंत्र लागतं. वारंवारतेनुसार वागणं हवं आणि एवढा मोठा तुकडा उपलब्ध असेल तर समांतर ताटल्यांचा ऱ्हिओमीटर (दोन ताटल्यांमध्ये नमुना धरून पिरगाळणारं यंत्र) स्वस्तात भागवतो. ताटलीवर सँडपेपर चिकटवायला विसरू नका, ऊती घसरते. जिवंत माणसाचा मेंदू मोजायचा तर एमआर इलॅस्टोग्राफी, म्हणजे कंपनं देऊन एमआरआयने ताठपणा मोजणं. १९९५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जन्मलेली ही पद्धत डोक्याखालच्या मऊ उशीतून सहसा ६० हर्ट्झची कंपनं देते. तिथला आकडा पिउमाच्या आकड्याशेजारी ठेवून ‘जुळत नाही’ म्हणणं चूक. ६० हर्ट्झला मेंदू सावकाश दाबापेक्षा बराच ताठ असतो, आणि तो आकडा कर्तनाचा असतो.

त्याच कंपनीचा कियारो उलट्या सूक्ष्मदर्शकावर बसतो. चमकणाऱ्या (प्रकाश टाकल्यावर चमकणारं रंगद्रव्य लावलेल्या) पेशींवर नेमकं मोजायचं असेल तर पिउमाऐवजी तो घ्या. आधीच चांगला सूक्ष्मदर्शक असलेल्या प्रयोगशाळेला तर तोच परवडतो. नुसत्या मेंदूच्या नकाशाला पिउमा पुरे.

निविदा काढताना प्रोबचा उल्लेख वेगळ्या ओळीत करा. यंत्र टिकाऊ आहे, प्रोब नाही. पट्टीला टिश्यू पेपर लागला की ती गेली, डिशच्या काठावर आपटली की गेली. ०.२ ते ०.५ न्यूटन प्रति मीटर आणि ५० ते १०० मायक्रॉन त्रिज्येच्या किमान चार प्रोब पहिल्याच मागणीत घ्या, कारण परदेशातून नंतर मागवलेली प्रोब येईपर्यंत प्राण्यांच्या परवानगीची मुदत संपू शकते. कंपनविरोधी टेबल, डिश तापवायची सोय आणि ऑनलाइन प्रकारचा यूपीएस हेही त्याच फाइलमध्ये घाला. काम संपल्यावर प्रोब आधी डिस्टिल्ड पाण्यात, मग अल्कोहोलमध्ये बुडवा. ऊतीचा तुकडा मण्याला चिकटला असेल तर ट्रिप्सिनमध्ये (प्रथिनं विरघळवणाऱ्या विकरात) ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी काचेवर गुणक पुन्हा काढून आदल्या दिवशीच्याशी ताडून बघा. तो काही टक्क्यांपेक्षा जास्त हलला असेल तर त्या प्रोबने आदल्या दिवशी काढलेला नकाशाही तपासायला घ्या.